सरकारी कुंकू

राज्यमंत्री शेखर वाळंज यांचं लग्न झालं ते चैत्रात, कोळवणच्या शाळेच्या मैदानात, भर दुपारी. आणि त्यांना स्वतःला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

शेखरला मंत्री होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. वय तेहतीस, बिनलग्नाचा, अंगात खादी आणि डोक्यात सुधारणा. मंत्रिपद मिळालं की माणसं आधी बंगला बघतात, मग गाडी बघतात, मग मेहुण्याला ठेका बघतात. याने पहिल्याच दिवशी सही केली ती ‘सन्मान कुंकू अभियाना’वर. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगलकार्यात तिला मागं ठेवायचं नाही, असं ते अभियान. खोटं कशाला बोला, पोराला हे मनापासून वाटत होतं. त्याची खोड एवढीच, की एखादी गोष्ट माईकवरून सांगितली म्हणजे ती झाली, असं त्याला वाटायचं.

तर त्या दिवशी कोळवणला विधवांचं हळदीकुंकू होतं. पन्हं होतं, कैरीची डाळ होती, हिरव्या बांगड्यांच्या पेट्या घेऊन कासार आला होता. पहिला मान गोजराबाईंचा ठरला होता. गोजराबाई म्हणजे कै. कोंडिबांची बायको, वय सत्तरीला टेकलेलं, जिभेला धार. कोंडिबांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. मुलगा नथू खोऱ्यातल्या पुणेकरांच्या फार्महाऊसांच्या किल्ल्या सांभाळायचा आणि नात दिशा पिरंगुटला एका कंपनीच्या ऑफिसात होती.

गोजराबाईंना कुंकू लावायचं होतं त्यांच्या थोरल्या जावेनं, अनसूयाबाईंनी. भावकीत कुणाचंही लग्न असो, पहिली हळद अनसूयाबाईंची, कारण त्यांचे यजमान अजून खाटेवर का होईना पण होते. अनसूयाबाई स्टेजवर आल्या, करंडा हातात घेतला, जावेकडं बघितलं आणि हात जागीच थांबला.

“न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “आमचं म्हातारं खाटंवर हाय. काय वंगाळ झालं तर?”

माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं. करंडा टेबलावर आला. बाकीच्या सवाष्णींना एकदम आपापल्या पायातली जोडवी बघावीशी वाटली.

शेखरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो ताडकन उठला, करंड्यात बोट बुडवलं आणि गोजराबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू टेकवलं. तेवढ्यानं राग जाईना, म्हणून कासाराच्या हातातल्या बांगड्या घेऊन त्या भरायला बसला. आता बांगड्या भरणं हे काही भाषण करणं नव्हे. तिसरी बांगडी म्हातारीच्या अंगठ्याच्या हाडाशी अडली. मंत्री घामाघूम झाला, पण हात सोडीना. मैदान श्वास रोखून बघत होतं.

सूत्रसंचालन साधना मॅडमकडे होतं. मॅडम शाळेत शिकवायच्या आणि गावातलं एकही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय होत नसे. इतक्या वर्षांची सवय, कुंकू झालं, बांगड्या झाल्या, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “चला, आता नाव घ्या!”

“नाव घ्या, नाव घ्या!” बायकांनी गलका केला.

आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. नाव घ्यायचं कुणाचं? गेलेल्या माणसाचं नाव काही हळदीकुंकवात घेत नाहीत. गलका विरला. साधना मॅडमनी पदर तोंडाला लावला. गोजराबाईंनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग समोर बघितलं. समोर मंत्री त्यांचा हात धरून बसला होता.

“कोळवणच्या खोऱ्यात इंद्रायणी भात,” गोजराबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “शेखररावांनी धरला म्हातारपनी हात!”

मैदान फुटलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, पोरांनी हातातले चुरमुरे उधळले. शेखरही खो खो हसला आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागला. स्वतःच्या लग्नात इतक्या मोकळेपणानं टाळ्या वाजवणारा नवरदेव मुळशी तालुक्यानं त्याआधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडच्या संपर्क कार्यालयात नथू हजर. पन्नाशीचा गडी, केस पांढरे, हातात पेढ्यांचा पुडा. आत आला तो थेट वाकला आणि शेखरच्या पायाला हात लावला.

“आबा,” तो म्हणाला, “आशीर्वाद ऱ्हावा.”

“अहो नथूभाऊ, काय करताय? आणि आबा कोण?”

“आता तुमीच की.” नथूच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषही नव्हती. “कुंकू कुनाच्या तरी नावाचंच आसतंय, सायेब. कुंकू लावलंत तुमी. बांगड्या भरल्या तुमी. आईनं नाव घेतलं तुमचं. आता ऱ्हायलं काय?”

“लग्न राहिलं ना! मंत्र नाहीत, अक्षता नाहीत…”

“पोरांनी चुरमुरे टाकलं की. तांदळाचंच आसत्यात.” मग त्यानं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. “आन आबा, आपल्या घराम्होरच्या रस्त्याचं तेवढं बघा. आता घरचंच काम हाय.”

शेखरचा स्वीय सहायक निरंजन पुण्याचा. चष्मा, इस्त्री आणि नियम. त्यानं ताबडतोब खुलासा लिहायला घेतला. पहिला मसुदा होता, ‘सदर कार्यक्रमास विवाह समजू नये.’ मग तोच म्हणाला, “सर, यावर विरोधक म्हणतील, मंत्र्यांनी विधवेला भर सभेत कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी टाकलं.” दुसरा मसुदा होता, ‘उभयतांच्या वयातील अंतर पाहता…’ पण गेल्याच महिन्यात शेखरनं सभागृहात टेबल बडवून सांगितलं होतं, की पुनर्विवाहाला वयाची अट लावणारे लोक प्रतिगामी आहेत. तिसरा मसुदा सुरू झाला, ‘श्रीमती गोजराबाई या विधवा असल्याने…’ तो शेखरनं स्वतःच फाडला. कायद्याच्या जाणकारांना विचारलं, तर त्यांनी लेखी मत दिलं की उखाण्यानं विवाह सिद्ध होत नाही, मात्र असिद्धही होत नाही.

शेवटी शेखरनं ठरवलं, की म्हातारीलाच गाठायचं. तिनं एका वाक्यात सांगितलं की गंमत केली, तर प्रश्न मिटला.

गोजराबाई परसात वाल निवडत बसल्या होत्या. कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. शेखरला त्यांनी पाट दिला, पाणी दिलं आणि तो काय बोलतो ते निमूट ऐकून घेतलं.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही फक्त खरं काय ते सांगा.”

“सांगत्ये.” वालाचा दाणा त्यांनी सुपात टाकला. “नथ्याचं लगीन झालं तवा त्याच्या बाला जाऊन वरीस झालं नव्हतं. पोटचा पोरगा माजा. हळदीच्या दिशी मला गोठ्यात बसवलं. म्हैस व्यायला झालीया, कुनीतरी पायजे, म्हनले. म्हशीला दोन म्हैने हुते आजून. मी गोठ्यात बसून हळदीची गानी ऐकली. माज्या लेकाला हळद लागली कशी, मला ठावं न्हाई.”

शेखरनं हातातलं पाणी खाली ठेवलं.

“आता मार्गशीर्षात दिशाचं लगीन हाय. पोरगी म्हनतीया, पयली हळद आजीचीच. आमच्या जाऊबाई म्हनत्यात, रांडमुंडीचा हात लागू देनार न्हाई. आन परवा तुमी कुंकू लावलंत, मी नाव घेतलं, तर त्याच जाऊबाई सांजच्याला घरी आल्या आन म्हनल्या, आता काय बया, तू सवाष्ण झालीस, आता तुजा मान.” गोजराबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. “लेकरा, हळद हुईपर्यंत गप ऱ्हा. मग पायजे तर काडीमोड घे.”

“पण आजी, मान तुम्हाला विधवा म्हणूनच मिळायला हवा. कुणाची बायको म्हणून नाही. माझं सगळं म्हणणंच ते आहे.”

“मिळंल की. तवर मी ऱ्हात्ये का?”

त्यानं शब्द दिला. म्हातारीचा गोठा त्याच्या मनातून काही जाईना, आणि त्या दिवशी गाडीत बसताना त्याला आपल्या अभियानाची पहिल्यांदा लाज वाटली. तरीही शब्द दिला त्याचं त्याला बरंच वाटलं. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्याला कुठं माहीत होतं?

महिन्याभरात भरेहून दोघी विधवा आल्या. मग लवळ्याहून तिघी आल्या. प्रत्येकीला कुंकू मंत्र्यांच्याच हातचं हवं होतं आणि प्रत्येकीनं उखाणा पाठ करून आणला होता. निरंजननं एकीला कायदा समजावला, की एका पुरुषाला एकच बायको असते. ती म्हणाली, “आवं, सरकारी नवरा हाय. तो एकटीचा कसा आसंल? रेशनचं दुकान काय एका घरापुरतं आसतंय व्हय?” लोकांनी त्याला नावही देऊन टाकलं, सरकारी कुंकू. सरकारी कुंकू लावलेल्या बाईला बारशाला बोलावणं यायचं, डोहाळजेवणात ओटी भरायला मिळायची, वास्तुशांतीला पुढं बसायला पाट मिळायचा. गोजराबाई त्या सगळ्यांत थोरल्या, म्हणून बाकीच्या त्यांच्या पाया पडायच्या.

वटपौर्णिमेला तर कहर झाला. कोळवणच्या वडाला त्या सगळ्या जणींनी सूत गुंडाळलं आणि सात जन्म हाच मंत्री मिळो म्हणून प्रार्थना केली. चॅनलवाले आले, मुंबईला बातमी गेली. निरंजन हळूच म्हणाला, “सर, सात जन्म म्हणजे सात टर्म.” पराभूत उमेदवार चंद्रकांत यानं पत्रकार परिषद घेतली आणि मंत्र्यांनी तालुक्याच्या भावनांशी संसार मांडला आहे अशी टीका केली, पण त्याची सख्खी मावशी वडाला सूत गुंडाळून आली होती, त्यामुळं त्याला फार लांबवता आलं नाही. आणि मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला, “वाळंज, अभियान जोरात आहे. पुढच्या विस्तारात तुमचं बघू.”

शेखर गप्प राहिला. शब्द दिला होता म्हणून गप्प राहिला की विस्तारासाठी गप्प राहिला, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याला खात होती. बायका त्याला जपायला लागल्या होत्या. कुठल्याही गावात गेला की भजी समोरून उचलली जायची. मोटारसायकल रॅली काढली तर चार बायका रस्त्यात आडव्या झाल्या, “सायेब, गाडीतनं जावा. तुमाला काय झालं तर आमी समद्याजनी पुन्हा उघड्या कपाळाच्या.” श्रावणात त्याला साधा ताप आला, तर बंगल्याच्या दारात काढ्याची पातेली घेऊन रांग लागली, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती अगदी खरी होती. तापात पडल्या पडल्या त्याला कळून चुकलं, की आपण एकही रूढी मोडलेली नाही. कुंकू अडकवायची खुंटी तेवढी बदलली आहे, आणि आता ती खुंटी आपण आहोत.

मार्गशीर्ष आला. भात झोडून झालं होतं, खोऱ्यात लग्नांची गडबड सुरू होती. दिशाच्या लग्नाचा फ्लेक्स नथूनं पिरंगुटला करायला टाकला. वरती दोन फोटो हवे होते, एक कोंडिबाआबांचा आणि एक मंत्रीआबांचा. नथू फ्लेक्सवाल्याला बजावून आला, “दोगं बी आमाला सारखंच. एकाला मान आन एकाला न्हाई, आसं दिसाय नको बरं का.” फ्लेक्सवाला समंजस होता. कोंडिबांच्या फोटोला चंदनाचा हार आणि खाली समई लावायची होतीच. त्यानं तोच हार आणि तीच समई मंत्र्यांनाही लावली.

हळदीच्या दिवशी पहाटे फ्लेक्स फाट्यावर चढला. सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसानं तो बघितला, गाडी थांबवली, टोपी काढली आणि हात जोडले. दुधाच्या रतिबाबरोबर बातमी घरोघर गेली. फोटोला चंदनाचा हार आणि पुढं समई. आणखी काय पुरावा पाहिजे?

शेखर त्या वेळी लवळ्याला एका कॉलेजात ‘विधवा सन्मान : दिशा आणि आव्हाने’ या विषयावर बोलत होता. फोन निरंजनच्या खिशात, आवाज बंद. निरंजननं सहज म्हणून फोन काढला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो स्टेजवर आला, मंत्र्यांच्या कानाशी लागला.

“सर, आपण वारलात.”

“काय?”

“तालुक्यात सगळीकडे तसंच आहे. चंद्रकांतनं श्रद्धांजलीचा व्हिडिओसुद्धा टाकलाय. रडलाय हो तो.”

शेखरनं व्हिडिओ बघितला. चंद्रकांत म्हणत होता, की असा तळमळीचा सुधारक पुन्हा होणे नाही. शेखरबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नव्हतं. आणि मग त्याला एकदम आठवलं, “आज दिशाची हळद आहे!”

नथूचा फोन लागेना. शेखर भाषण अर्धं टाकून धावला. गाडी सुटली. पिरंगुटजवळ ही वाहनांची रांग. भऱ्याच्या फाट्यावर त्याला सरकारी कुंकू लावलेल्या चारपाच बायका एका ओट्यापाशी उभ्या दिसल्या. एका म्हातारीच्या हातात दगड होता आणि एकीचा बांगड्या भरलेला हात ओट्यावर टेकलेला होता.

“थांबा!” शेखरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “मी आहे! अहो, मी जिवंत आहे!”

म्हातारीच्या हातून दगड पडला. एक बाई किंचाळली, दुसरीनं आधी कपाळ झाकलं आणि मग हात जोडले. तिथून पुढं कोळवणपर्यंत राज्यमंत्री तसेच खिडकीतून बाहेर लोंबकळत, दोन्ही बाजूंना हात हलवत आणि “मी आहे, मी आहे” असं ओरडत गेले. निवडणुकीतही त्यांनी इतका प्रचार केला नव्हता.

नथूच्या दारातल्या मांडवात गाणी बंद होती. पाटावर दिशा बसली होती, डोळे रडून लाल, अंगाला हळदीचा ठिपका नाही. गोजराबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. कुंकू अजून कपाळावर होतं, बांगड्या हातात होत्या, बातमी आली तेव्हा वाटीत असलेले दोन्ही पंजे हळदीनं पिवळे होते, पण हळदीची वाटी अनसूयाबाईंच्या हातात होती. मागं, भिंतीच्या कडेला, गावातल्या सरकारी कुंकवाच्या आणखी चारसहा जणी दाटीवाटीनं उभ्या होत्या. सकाळपर्यंत त्या पुढं बसलेल्या होत्या.

शेखर मांडवात शिरला आणि दोन पोरं भुताला बघून पळाली. अनसूयाबाई पुढं आल्या. त्यांनी मंत्र्याच्या दंडाला चांगला चिमटा काढला. शेखर “आई गं” म्हणून ओरडला.

“जित्ता हाय,” अनसूयाबाईंनी निकाल दिला. मग वळल्या आणि वाटी जावेच्या हातात दिली. “घे बाई. नवरा जित्ता म्हंजे सवाष्ण. तुजा मान.”

मांडवानं निःश्वास टाकला. गाणाऱ्या बायकांनी घसा साफ केला. गोजराबाईंचा हात वाटीत गेला. आता दोन पावलं, की सगळं ठीक होणार होतं.

पण ‘नवरा जित्ता म्हंजे सवाष्ण’ हे वाक्य शेखरच्या कानात शिरलं आणि आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. भऱ्याच्या ओट्यावरचा तो हात वर आला, श्रावणातली पातेली वर आली, विस्ताराचा फोन वर आला. आता तरी खरं बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि खरं बोलण्याचा आनंद इतका मोठा होता की शब्द दिलेला तो विसरला.

“थांबा!” तो म्हणाला. या वेळी माईक नव्हता, तरी आवाज पार गोठ्यापर्यंत गेला. “मी यांचा नवरा नाही. कधीच नव्हतो. ते लग्न नव्हतं. गोजराबाई विधवा आहेत, आणि विधवा म्हणूनच त्या आपल्या नातीला पहिली हळद लावणार. माणसाच्या जिवावर कुंकू टांगायचं हे बंद करा. मी उद्या खरंच मेलो तर?”

त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं भाषण होतं. त्यानं टाळ्यांची वाट बघितली.

कुणी टाळी वाजवली नाही. अनसूयाबाईंनी हात पुढं केला आणि जावेच्या हातातून वाटी काढून घेतली. अगदी हळू काढून घेतली, न भांडता. दिशा पाटावरून अर्धी उठली, “मोठी आजी, नको ना…” पण गाणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. नथू मांडवाबाहेर बघत राहिला. भिंतीकडच्या बायका आणखी मागं सरकल्या.

गोजराबाई रिकाम्या पिवळ्या हातांकडं बघत होत्या. मग त्यांनी शेखरकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला चाललं असतं. पण ती नजर गोठ्यात बसलेल्या बाईची होती. आपण काय करून बसलो, हे त्याला तिथं, त्या क्षणी, पायाच्या नखापर्यंत कळलं.

आणि मग गोजराबाई हसल्या. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून हसल्या.

“बघा गं बायांनो,” त्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा सोभाव! घरात जरा कमीजास्त बोलनं झालं, की ह्ये चारचौगात आसंच म्हनत्यात. ही कोन, मी वळखत न्हाई. सकाळी मी च्या पाठवला न्हाई, तर बघा कुटवर गेलं!”

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं.

“आवं, नवऱ्याच्या जातीनं कंदी चारचौगात बायकू कबूल केलीया का?” गोजराबाई जावेकडं वळल्या. “तुमीच सांगा जाऊबाई. आमचं भावजी जत्रंत तुमच्या धा पावलं म्होरं चालायचं का न्हाई? पावन्यांनी इचारलं तर काय म्हनायचं?”

अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांपूर्वीची कुठलीशी जत्रा उमटली. “म्हनायचं, शेजारची हाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू आलं. “मेलं म्हातारं. आजून खाटंवरनं तेच म्हनतंय.”

आता सगळा मांडव हसत होता. प्रत्येकीला आपापला नवरा आठवत होता. “आमचं बी तसलंच,” एक म्हणाली. “वरातीतच इसरलं हुतं मला,” दुसरी म्हणाली. मंत्र्याचं भाषण त्या हशात कुठल्या कुठं वाहून गेलं. शेखर तोंड उघडून उभा होता. गावाच्या लेखी तो आता पक्का नवरा झाला होता. इतका पक्का, की भर मांडवात बायको नाकारली होती.

अनसूयाबाईंनी वाटी परत दिली. “घे गं. ह्यांचं काय ऐकतीयास.”

गोजराबाई नातीसमोर बसल्या. आंब्याचं पान हळदीत बुडवायचं असतं, पण त्यांनी पान बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात वाटीत घातले. पायांना लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना लावली, आणि शेवटी गालांना लावली. दिशा रडत होती आणि हसत होती. गाणं सुरू झालं. गोजराबाईंनी ते गाणं समोरून पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्या उठल्या आणि शेखरपाशी आल्या.

“वाक जरा.”

तो वाकला. त्यांनी त्याच्या गालाला हळद फासली, आणि गाण्याच्या आवाजाखाली, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हळद हुईपर्यंत गप ऱ्हा म्हनलं हुतं ना?”

“चुकलं, आजी. पण ते खरं होतं.”

“खरंच हुतं की. मी कुटं न्हाई म्हंत्ये? उद्यापास्नं गावोगाव हिंडून बोल, मी बी येत्ये संगं. पर आदी बघत जा लेकरा, तुज्या खऱ्यापायी कुनाच्या हातातली वाटी जातीया.”

मग त्या वळल्या आणि भिंतीकडं बघून हात हलवला. “आगं, तितं काय हुभ्या ऱ्हायलाय? या, तुमी बी लावा. तुमचा बी जित्ताच हाय की!”

भिंतीकडच्या बायका एकमेकींकडं बघत पुढं आल्या. एकीनं बोट बुडवलं, मग दुसरीनं. एक जण वाटीपाशी येऊन अडखळली आणि तिनं मागं वळून बघितलं, मंत्री अजून आहे ना म्हणून.

“तू हितं ये,” गोजराबाई शेखरला म्हणाल्या आणि त्याला दंडाला धरून मांडवाच्या मधोमध आणलं. “आसा हुभा ऱ्हा. समद्यांना दिसंल आसा.”

शेखर उभा राहिला. त्याच्या गालावरची हळद सुकून ओढायला लागली होती, तिकडं निरंजन घड्याळ दाखवत होता. शेवटच्या बाईची हळद लावून होईपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि एक शब्दही बोलला नाही.